खुराड्यातली उतरंड

सकाळी खुराड्याचे दार उघडून मूठभर कणी अंगणात फेकली, की सगळ्या कोंबड्या एकदम धावतात; पण एकदम खात नाहीत. एक जण थेट मधोमध जाते आणि बेधडक टिपायला लागते. दुसरी तिच्या शेजारी असते, पण जरा अंग राखून. तिसरी पुढे सरकते तोच तिच्या डोक्यावर चोच बसते आणि ती मुकाट बाजूला होते. कडेला एक अशी असतेच, जी एक दाणा टिपते, मान वर करून बघते, दोन पावले मागे सरते आणि मग दुसरा दाणा टिपते.

परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरात हे दृश्य रोजचेच. बहुतेक ठिकाणी ‘कोंबड्या भांडतात’ एवढे म्हणून ते सोडून दिले जाते. पण या टोचाटोचीला नियम असतो. कोणी कोणाला टोचायचे, कोणी कोणापुढे मान खाली घालायची, हे कळपात ठरलेले असते आणि प्रत्येक कोंबडीला ते पक्के ठाऊक असते. ही उतरंड मोडायला जाऊ नये, कारण ती मोडत नाही; मोडली तरी चार दिवसांत नवी तयार होते. पाळणाऱ्याने ती ओळखावी आणि त्याप्रमाणे जागा, खाद्य, पाणी यांची व्यवस्था लावावी. उतरंडीत सगळ्यात खाली असलेल्या कोंबडीला पोटभर खायला, प्यायला आणि निवांत झोपायला मिळते का, ही कोंबडीपालनातली खरी कसोटी आहे. ती कोंबडी धड असेल, तर सगळा कळप धड असतो.

ही उतरंड असते कशासाठी?

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करायचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या आणि 1922 साली जर्मन भाषेतल्या शोधनिबंधातून हा क्रम जगापुढे मांडला. त्यांना असे दिसले, की कळपातल्या कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या, तर त्यांतली एक वरचढ असते आणि दुसरी ते मान्य करते. सगळ्यात वरची सर्वांना टोचू शकते, तिला कोणी टोचत नाही. सगळ्यात खालचीला सगळ्या टोचतात, ती कोणालाच टोचत नाही. मधल्या कोंबड्यांमध्ये मात्र कधीकधी त्रिकोण असतात: पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच. तुमच्या कळपात असा त्रिकोण दिसला, तर निरीक्षण चुकले असे समजू नका.

या व्यवस्थेमुळे रोजची भांडणे वाचतात. क्रम एकदा ठरला, की प्रत्येक दाण्यासाठी लढावे लागत नाही. वरच्या कोंबडीने नुसती मान ताठ करून बघितले, तरी खालची वाट सोडते. क्रम ठरलेल्या कळपात जखमा कमी होतात, कोंबड्या निवांत चरतात आणि अंडी नियमित मिळतात. क्रम सारखा ढवळला जात असेल, तर त्यांचा वेळ आणि ताकद लढण्यात जाते आणि आधी घट दिसते ती अंड्यांत.

यासाठी कोंबड्यांनी एकमेकींना ओळखणे भाग असते, आणि त्या ओळखतात. मुख्यतः डोके, तुरा आणि मान यांच्या ठेवणीवरून. परसातल्या दहा, वीस, तीस कोंबड्यांमध्ये ही ओळख व्यवस्थित टिकते. मोठ्या व्यावसायिक शेडमध्ये हजारो पक्षी असतात, तिथे प्रत्येकाला ओळखणे शक्य नसते आणि अशी पक्की उतरंडही बनत नाही. म्हणून शेडमधले नियम जसेच्या तसे परसात लावू नयेत, आणि परसातले शेडमध्ये.

वरचे स्थान कोणाला मिळते?

पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली, की एकमेकांसमोर छाती काढून उड्या मारायला लागतात. तो खेळ दिसतो, पण हळूहळू त्यातूनच क्रम ठरत जातो. साधारण आठ ते दहा आठवड्यांपर्यंत तलंगांमध्ये, म्हणजे वाढत्या वयाच्या माद्यांमध्ये, तो बराचसा पक्का होतो. नरांचे हे थोडे आधीच सुरू होते.

प्रौढ कोंबड्यांच्या कळपात वरचे स्थान मिळायला वय, वजन, तब्येत आणि आधीच्या लढायांतली हारजीत या गोष्टी कामी येतात. जी आधीपासून त्या अंगणात राहते, तिचे पारडे नव्याने आलेलीपेक्षा जड असते. तुरा मोठा आणि लालबुंद असेल, तर समोरची कोंबडी सहसा आधीच बिचकते. तुऱ्याची वाढ शरीरातल्या संप्रेरकांवर चालते, त्यामुळे तुरा हा ताकदीचा दिसणारा पुरावाच असतो. 1939 मध्ये शिकागो विद्यापीठात वॉर्डर क्लाइड ॲली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या क्रमांकाच्या कोंबड्यांना नर संप्रेरक टोचले, तेव्हा त्या उतरंडीत वर चढल्या. म्हणजे हे स्थान जन्माचे नसते. तब्येत बदलली, की तेही बदलते.

जातीचाही परिणाम होतो. असील मुळातच लढाऊ. गावरान तलंगांमध्ये एखादी असील किंवा असीलची मिसळ आली, तर ती बहुधा वरच जाऊन बसते. गिरिराज, वनराज यांच्यासारखे सुधारित पक्षी वजनाने भारी, पण चपळाईत गावरान कोंबडी त्यांना मागे टाकते. सगळ्या काळ्या कडकनाथांमध्ये एकच पांढरा पक्षी असला, तर वेगळा दिसतो म्हणून त्याला जास्त टोचणी बसू शकते. वेगळ्या रंगाचे पक्षी ठेवायचे असतील, तर एकेकटे न ठेवता तीन-चार मिळून ठेवावेत.

उतरंड ओळखायची कशी?

यासाठी दोन वेळा उत्तम: सकाळी दाणे टाकताना आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना. दिवसभर त्या पांगलेल्या असतात, त्यामुळे क्रम नीट दिसत नाही.

सकाळी दाणे मुद्दाम थोड्या जागेत टाका आणि दहा मिनिटे तिथेच थांबा. चोचीचा मार दिसतोच. त्याहून महत्त्वाचे आहे ते बाजूला होणे. दोन कोंबड्या समोरासमोर आल्या, की वरची मान उंच ठेवते, मानेची पिसे किंचित फुलवते आणि सरळ चालत येते. खालची डोके खाली घेते, अंग चोरते आणि तिरकी वाट काढते. हे सगळे क्षणात होते, चोच लागतही नाही. कोण वाट सोडते हे पाहिले, की क्रम उलगडतो.

संध्याकाळी खुराड्यात कोण कुठे बसते ते बघा. दांड्या वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर सगळ्यात वरच्या दांडीवर वरच्या कोंबड्या दिसतील. खालच्या कोंबड्या कडेला, दाराजवळ किंवा जमिनीवर बसतात. जी रोज अंधार पडेपर्यंत बाहेर घुटमळते आणि सगळ्यांत शेवटी आत शिरते, ती बहुधा तळाची. तिच्यावर खास नजर हवी. आत जागा मिळत नाही म्हणून ती झाडावर किंवा आडोशाला राहिली, तर रात्री रानमांजराच्या तावडीत पहिली तीच सापडते.

कोंबड्या सारख्याच दिसत असतील, तर पायात रंगीत कड्या घाला. त्या सैल असाव्यात आणि सगळ्यांना एकाच दिवशी घालाव्यात. दोघी-चौघींनाच खूण केली, तर त्या वेगळ्या दिसतात आणि बाकीच्या त्यांना टोचतात. डोक्याला किंवा मानेला रंग लावणे टाळाच, कारण ओळख तिथूनच पटते. कालची मैत्रीणही परकी वाटू लागते. महिन्यातून एकदा वहीत क्रम लिहून ठेवा. पुढे आजार ओळखताना ही नोंद उपयोगी पडते.

कोंबड्याचे स्थान

नरांची उतरंड वेगळी आणि माद्यांची वेगळी. प्रौढ कोंबडा माद्यांच्या रांगेत नसतो, तो सहसा सगळ्यांवर असतो. चांगला कोंबडा दाणा सापडला की कुकुकु असा आवाज काढून माद्यांना बोलावतो, घार दिसली की इशारा देतो आणि दोन कोंबड्यांचे भांडण पेटले तर मध्ये घुसून ते मोडतो. अशा कोंबड्यामुळे खालच्या माद्यांनाही आधार मिळतो.

आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतून मिळणाऱ्या तलंग गटात 25 माद्या आणि 3 नर असतात, ते याच प्रमाणात. तीन नर सुखाने नांदायला मात्र अंगण मोठे लागते. दहा कोंबड्यांच्या लहान परसात दोन प्रौढ कोंबडे ठेवले, तर ते आपसांत झुंजतात आणि माद्यांवर सारखे चढून त्यांच्या पाठीची पिसे घालवतात. पाठीवर आणि डोक्यामागे पिसे गेलेल्या माद्या दिसल्या, तर टोचणीचा विचार करण्याआधी नर मोजा.

नेहमीची टोचणी आणि धोक्याची टोचणी

इथे अनेकांची गल्लत होते. उतरंडीतली चोच डोक्यावर, तुऱ्यावर किंवा मानेच्या मागच्या बाजूला बसते. ती एकदाच, झटक्यात बसते. समोरची बाजूला झाली, की विषय संपला. अशा टोचणीत हस्तक्षेप करू नका.

पिसे उपटणे हा प्रकार वेगळा. यात एक कोंबडी दुसरीच्या पाठीवरची, शेपटीच्या मुळाजवळची किंवा गुदद्वाराभोवतीची पिसे एक-एक करून ओढते, कधी ती गिळतेही. समोरचीने वाट सोडून उपयोग होत नाही, कारण इथे वाटेचा प्रश्नच नसतो. त्यामागे गर्दी, चरायला काही नसणे, खाद्यात प्रथिने किंवा मीठ कमी असणे, अंगात उवा-पिसवा होणे, खुराड्यात फार प्रखर उजेड असणे अशी कारणे असतात. कोंबडीला दिवसभर माती उकरायची आणि चोचीने काहीतरी टिपत राहायची उपजत ओढ असते. तिला तसे करायला मिळाले नाही, की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

यावर उपाय कारण शोधूनच करावा. खुराड्यात भाताच्या तुसाची किंवा कोरड्या पाल्याची जाड गादी घाला आणि त्यात थोडे दाणे पसरून ठेवा. ते शोधण्यात तास जातात. कोबीचा गड्डा, लसूणघासाची पेंढी, शेवग्याचा पाला कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा-पिसवा कमी होतात. फक्त तांदूळ-ज्वारीवर पोसत असाल, तर खाद्यात शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड मिसळा, म्हणजे प्रथिने भरून निघतील. व्यावसायिक शेडप्रमाणे चोच कापण्याच्या फंदात पडू नका. परसातल्या कोंबडीचे पोट तिच्या चोचीवर चालते, आणि कापणे हा कारणावरचा उपायही नाही.

जागा, खाद्य, पाणी

उतरंडीचा जाच खालच्या कोंबडीला किती होतो, हे वरचीच्या स्वभावापेक्षा तुमच्या मांडणीवर जास्त ठरते. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी दीड ते दोन चौरस फूट जागा द्या. दहा कोंबड्यांना 4 फूट बाय 5 फुटांचे खुराडे पुरेसे होते.

बसायच्या दांड्या प्रत्येकी 8 इंच या हिशेबाने धरा. दहा कोंबड्यांना चार-चार फुटांच्या दोन दांड्या व्यवस्थित पुरतात. दोन्ही एकाच उंचीवर आणि एकमेकींपासून फूटभर अंतरावर बांधा. एक वर आणि एक खाली असेल, तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते आणि खाली बसलेल्यांवर वरच्यांची विष्ठा पडते.

खाद्याच्या भांड्यावर प्रत्येक कोंबडीला 4 इंच कड मिळायला हवी. दोन फूट लांबीच्या, दोन्ही बाजूंनी खाता येणाऱ्या भांड्याची कड 48 इंच होते, म्हणजे हिशेबाने दहा जणींना ती पुरते. तरीही एकच भांडे ठेवू नका. भांड्यापाशी वरची कोंबडी उभी राहिली, की तळाच्या दोघी-तिघी तिकडे फिरकतच नाहीत, मग कड कितीही लांब असो. दोन भांडी ठेवा आणि ती दहा-पंधरा फूट अंतरावर, शक्यतो एकावरून दुसरे दिसणार नाही अशी. वरची कोंबडी एका वेळी एकाच भांड्याची राखण करू शकते. पाण्यालाही हेच लागू. मराठवाडा आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तर पाण्याची भांडी दोनाची तीन करा आणि सगळी सावलीत ठेवा. उन्हाच्या तडाख्यात पाण्यापासून हुसकावलेली कोंबडी एका दुपारीत मरू शकते.

अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपली किंवा खोके अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. टोपल्या कमी पडल्या, की खालच्या क्रमांकाच्या कोंबड्या कुंपणात, गोठ्यात, सरपणाच्या ढिगात अंडी घालतात. ‘ही कोंबडी अंडीच देत नाही’ म्हणून विकायला काढलेल्या कोंबडीची अंडी कधीकधी अशी दुसरीकडेच पडत असतात.

अंगणात आडोसे हवेत. उभी टेकवलेली फळी, उलटी ठेवलेली पाटी, एखादे जास्वंदीचे झुडूप किंवा जुनी बाज एवढेही चालते. पळून नजरेआड होता आले, की पाठलाग तिथेच थांबतो. ज्या अंगणात असा एकही आडोसा नसतो, तिथे खालच्या कोंबडीला सुटकाच नसते.

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर चार-चार दिवस कोंबड्या बाहेर सोडता येत नाहीत. वर्षभर मोकळ्या फिरणाऱ्या कळपातली भांडणे तेव्हा उफाळून येतात. पाऊस सुरू होण्याआधीच खुराड्याला लागून पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा काढून ठेवा, म्हणजे त्यांना निदान पाय मोकळे करायला जागा राहील.

नवे पक्षी आणताना

उतरंड सर्वांत जास्त ढवळते ती नवा पक्षी आल्यावर. आठवडी बाजारातून एक कोंबडी आणायची आणि संध्याकाळी तशीच खुराड्यात सोडून द्यायची, ही पद्धत अनेक घरांत आहे. त्या एकटीला सगळ्या मिळून टोचतात, आणि तिच्या अंगावर राणीखेत किंवा देवीचा संसर्ग असेल, तर तो सगळ्या कळपात पसरतो. दोन्ही टाळता येते, थोडा धीर धरला तर.

पहिल्यांदा किमान दोन ते तीन आठवडे नवे पक्षी पूर्ण वेगळे ठेवा. त्यांची भांडी वेगळी ठेवा आणि आधी जुन्या कोंबड्यांची कामे उरकून मग नव्यांकडे जा. या काळात लसीकरण आणि जंताचे औषध पशुवैद्यकांना विचारून करून घ्या.

त्यानंतर आठ-दहा दिवस नवे आणि जुने यांच्यामध्ये फक्त जाळी ठेवा. दिसावे, पण चोच पोचू नये. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ दाणे टाका, म्हणजे एकमेकांसमोर खायची सवय होते. सुरुवातीला जाळीवर धडका बसतील, नंतर त्या आपोआप कमी होतात.

मग एका संध्याकाळी, कोंबड्या दांडीवर बसल्यावर, नव्यांना आत ठेवा. दुसऱ्या दिवशी दार लवकर उघडा, अंगणात तीन-चार ठिकाणी दाणे टाका आणि तासभर लक्ष ठेवा. दोन-तीन दिवस उड्या, पाठलाग, टोचणी होणारच. रक्त नाही आणि नव्यांना खायला-प्यायला मिळते आहे, एवढे असेल तर मध्ये पडू नका. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत सगळे स्थिरावते.

एकटा पक्षी कधीच आणू नका. दोन-तीन एकदम आणले, तर मार वाटला जातो. नवे पक्षी आकाराने जुन्यांच्या जवळपास असावेत. आईविना वाढवलेल्या तलंगा तीन-साडेतीन महिन्यांच्या झाल्याशिवाय मोठ्या कोंबड्यांत सोडू नका. लहानमोठ्या एकत्र असतील, तर अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य सगळ्यांना देऊ नका. त्यातला जादा चुना वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांना बाधतो. सगळ्यांना तलंगांचे खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा; ज्यांना लागतो त्या तो खातात.

विक्रीचीही जरा शिस्त लावा. दर बाजाराला एक विकायची, एक आणायची, पाहुणे आले की एक कापायची, अशाने कळपाची घडी कधी बसतच नाही. सगळ्यात वरची कोंबडी गेली, तर तिच्या खालच्या दोघींत काही दिवस जुंपते. ते स्वाभाविक आहे. पण विकणे आणि आणणे वर्षातून दोन-तीन वेळाच, एकदम केले, तर मधले महिने शांत जातात.

खुडूक कोंबडी आणि तिची पिल्ले

खुडूक बसलेली कोंबडी 21 दिवस अंड्यांवर असते. दिवसातून एकदाच ती खायला उठते, तिचा तुरा फिका पडतो, वजन उतरते. या काळात तिला पूर्ण नजरेआड ठेवले, तर दोन-तीन आठवड्यांत बाकीच्या तिला विसरतात, आणि परतल्यावर तिला परकी समजून टोचतात. म्हणून तिची जागा वेगळी पण जाळीपलीकडे दिसेल अशी ठेवा.

पिल्ले निघाल्यावर चित्र उलटते. एरवी सगळ्यांपुढे मान घालणारी कोंबडी पिसे फुलवून वरच्या कोंबडीवरही धावून जाते आणि बहुतेक वेळा जिंकते. आईच्या राखणीखाली वाढलेली पिल्ले कळपात सहज सामावतात. खरी अडचण पुढे येते. पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली, की आईच त्यांना टोचून दूर करते आणि ती एका दिवसात तळाला जातात. तेव्हा त्यांच्यासाठी बांबूच्या कामट्यांचा लहान कोंडवाडा करा. कामट्यांमधले अंतर पिल्लू आत शिरेल, पण मोठी कोंबडी शिरणार नाही, इतकेच ठेवा. खाद्य-पाणी आत ठेवले, की पिल्ले निवांत खातात.

रक्त दिसले तर

टोचणीतून रक्त आले, की वाट बघू नका. लाल रंगाकडे कोंबड्यांची चोच आपोआप वळते. एकीने टोचले की दुसरी टोचते, आणि काही तासांत कोंबडी मरू शकते. जखमीला लगेच डालग्याखाली किंवा वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवा आणि हळद लावा. पावसाळ्यात माश्या बसून आळ्या पडतात, म्हणून जखमेच्या भोवती कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल लावा. जखम खोल असेल, तर पशुवैद्यकांना दाखवा. पूर्ण भरून खपली पडल्याशिवाय तिला परत सोडू नका.

मारणारी कोंबडी एकच असेल, तर मार खाणारीऐवजी तिलाच बाजूला करा. आठवडाभर नजरेआड ठेवली, की तिच्यामागे कळप नवा क्रम लावून घेतो. परत आल्यावर तिला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते आणि बहुधा तिचा तोरा उतरतो. दोन-तीनदा असे करूनही ती रक्त काढतच असेल, तर तिला कळपात ठेवू नये.

क्रम अचानक बदलला तर

पाळणाऱ्याला या निरीक्षणाचा सर्वांत मोठा फायदा इथे मिळतो. कोंबडी आजारपण लपवते. आपल्याला दिसते तोवर उशीर झालेला असतो, पण बाकीच्या कोंबड्यांना ते आधी कळते. कालपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेली कोंबडी आज अचानक बाजूला होऊ लागली, तळाची तिला टोचू लागली, तर तिला उचलून बघा. छातीचे हाड हाताला टोकदार लागते का, तुरा फिका किंवा निळसर झाला आहे का, विष्ठा हिरवट पातळ आहे का, पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, अंडे अडकून पोट ताठ झाले आहे का, हे तपासा. पिसे झडण्याच्या काळातही कोंबडी थोडी खाली येते, ते आजारपण नव्हे. नवी पिसे आली की ती सावरते. पण पिसे झडत नसताना घसरण झाली, तर तिला वेगळी करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. एकाच वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या किंवा पटापट मरू लागल्या, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, ते विकू नका, फेकू नका आणि लगेच दवाखान्यात कळवा.

परसातल्या कोंबड्यांचे काम आपल्याकडे बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि कोणती कोंबडी कशी वागते हे त्यांनाच सर्वांत आधी कळते. त्या ज्ञानाला नोंदीची जोड द्या. एक दुसरे भांडे, दोन सारख्या उंचीच्या दांड्या, एक जाळी आणि अंगणात चार आडोसे यांना फारसा खर्च येत नाही. उद्या सकाळी दाणे टाकाल, तेव्हा दहा मिनिटे थांबा आणि सगळ्यात शेवटी कोण खाते ते बघा. आधी तिची सोय करा. बाकीच्या आपापले बघून घेतात.